पोटाचा एक तुकडा

मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पाठीवरचे. बार्शीटाकळीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत कोणालेबी विचारा, अय्युब पंपवाला कुठं राह्यते, तं लेकरूबी आणून सोडीन. घरी आमी आमची बोली बोलतो, पण दुकानात दिवसभर गिऱ्हाइकासंग वऱ्हाडी, म्हणून सांगतोबी वऱ्हाडीतच. फक्त मंधात टोकू नका. टोकलं का माही सटकते, अन् सटकली का मी काय बोलतो हे मले समजत नाही. या सगळ्यात तेच झालं.

माही पोट्टी जेबा. पैदा झाली तवा तिच्या पाठीवर, कमरेच्या थोडं वर, लिंबाएवढी गाठ होती. ऑपरेशन करून काढली. पाय वाचले, थोडी लंगडत चालते, पण लघवीच्या नसा गेल्या त्या गेल्याच. थैली भरली हे तिले समजतच नव्हतं. अन् थैलीबी कशी, तं वाटीएवढी, अन् कडक. थोडी भरली का दाब उलटा किडनीवर. नऊ वर्साची झाली तोपर्यंत दोन्ही किडन्या अर्ध्या होऊन गेल्या होत्या.

१९९६ साली नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं का थैली मोठी करा लागते. नेहमी आतड्याचा तुकडा जोडतात, म्हणे, पण आतडं लघवीतलं आंबट परत रक्तात ओढते, अन् हिच्या किडनीत ते बाहेर फेकाची ताकद नाही. म्हणून आपण जठराचा जोडू. जठर म्हणजे जिथं आपलं जेवण जाते ते पोट. मी म्हटलं, "साहेब, पोटाचं कातडं लघवीच्या थैलीले?" तो हसला नाही. चिठ्ठीच्या मागं चित्र काढून दाखवलं. हे पोट, हा कापलेला तुकडा, त्याची रक्ताची नस तशीच जिवंत ठेवून खाली आणाची अन् थैली उघडून तिले शिवाची. मले लगेच समजलं. टाकी लहान हाये तं दुसऱ्या टाकीचा पत्रा कापून जोड मारा. मी दुकानात तेच करतो.

पण मंग तो म्हणे, "अय्युबभाई, एक ध्यानात ठेवा. त्या तुकड्याले आपण कुठं आलो हे माहीत नसते. जेवाची वेळ झाली का तो आपलं आंबट पाणी सोडनच. म्हणून रोज गोळी. अन् दर चार घंट्यानं नळी घालून थैली खाली कराची, जन्मभर. लय भरू दिली तं जोड फुटू शकते. कधी पोट दुखलं, ओकारी झाली, ताप आला, तं समोर जो डॉक्टर भेटीन त्याले पयले हे सांगजा. बाकी सारं मागून." पयले हे, असं त्यानं दोनदा सांगतलं. मी मान हलवली.

जेबा सहा महिन्यात स्वतः नळी घालाले शिकली. पोट्टी चंट होती. कधी जळजळ झाली का म्हणे, "अब्बा, माह्या लघवीले भूक लागली." आमी सारे हसत होतो. नळी धुवाचं, उकळाचं काम हलीमाबीचं, म्हणजे माह्या घरवालीचं. घड्याळाचं काम माहं. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, अन् झोपाच्या आधी. दुकानातून मोठ्यानं ओरडाचं, "जेबा, टाइम!" गिऱ्हाइकायले वाटे पोट्टीच्या शिकवणीचा टाइम झाला. दहा वर्सं हे चाललं. बारावी झाली तिची, शिवणकाम शिकली, अन् एक टाइम चुकला नाही.

मंग २००६ साली अचलपूरचं नातं आलं. पोरगा मुजम्मिल, परतवाड्यात सायकलीचं दुकान, दारू नाही, पत्ते-जुगार नाही. पायाचं आमी सांगतलं. ते म्हणे, चालते, आमाले काय शर्यतीत पळवाची हाये? नळीचं सांगतलं नाही. जेबा माह्या मागं लागली. "अब्बा, लेकरू होऊ शकते हे डॉक्टरनं सांगतलं, मंग लपवाचं काहून? दर चार घंट्यानं मी त्यायच्या घरी कुठं लपू?" मी म्हटलं, निकाह होऊ दे, मंग सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणे, "मूठ माही हाये." मी ऐकलं नाही.

ऑगस्टात मंगनी ठरली. त्यायच्याकडून पंधरा-सोळा बाया येणार, अन् आमचं घर दोन खोल्यायचं. बाया कपाट उघडतात, उशी उचलून पाह्यतात, मले माहीत हाये. म्हणून मी नळीचा डबा अन् दवाखान्याची फाइल, दोन्ही एका पिशवीत घालून शेजारी बुधाजीच्या घरी नेऊन ठेवलं. बुधाजी जीप चालवते, अकोला-बार्शीटाकळी. चांगला माणूस. त्यानं विचारलंबी नाही का पिशवीत काय हाये.

आमच्यात मंगनीच्या दिवशी पोट्टी ओढणी तोंडावर घेऊन बायांच्या मंधात बसते. मुंडी खाली. कोणी उठवल्याशिवाय उठाचं नाही, बोलाचं नाही. एक-एक बाई येते, तोंडात मिठाई घालते, हात पाह्यते, शरबत पाजते. त्यायच्यात मुख्य होती नगमाफुप्पी, म्हणजे मुजम्मिलच्या बापाची बहीण. विधवा, तेज, नजर अशी का गव्हातला खडा दिसीन. सकाळी सहाले जेबानं नळी घातली होती. दहाले बाया आल्या. दोन वाजता हलीमाबी बाहेर आली, मले कोपऱ्यात घेऊन म्हणे, "तिचा टाइम होऊन गेला, दोन टाइम झाले, काय करू?" मी म्हटलं, "बसू दे. एक दिवसानं काय होते? उठली तं फुप्पी लोटा घेऊन मागं जाते." ती गेली आत. मी आंगणात पाहुण्यायले पान देत बसलो.

बाया संध्याकाळी सातले गेल्या. तेरा घंटे झाले होते. बुधाजीच्या घरून पिशवीतला डबा तेवढा आणला, जेबानं नळी घातली, अन् आईले म्हणे, "अम्मी, थोडंच आलं. गुलाबी आलं." हलीमाबी म्हणे, घामातून गेलं असन, पाणी पी, झोप. नगमाफुप्पी आमच्याच घरी राह्यली होती, दुसऱ्या दिवशी अकोल्याले डोळे दाखवाचे होते तिले. जेबा माह्याकडे आली, हळूच म्हणे, "मी फुप्पीले आताच सांगते. असं खोटं घेऊन मी नाही जात. माह्यानं नाही होत." दिवसभराचा थकलेलो मी. सटकली. दात खाऊन म्हटलं, "मंग मर तिकडं!"

आता तुमी म्हणान, बाप असं बोलते का? बोलते. वऱ्हाडात आयबी लेकराले दिवसातून चारदा म्हणते, मर तिकडं. त्याचा अर्थ कोणी धरत नाही. पण ते साल कोणतं होतं? त्या साली फवारणीचं औषध पिऊन रोज कोणी न् कोणी जात होतं. पेपरात आकडे येत होते, अन् दुकानात गिऱ्हाईक कमी झालं का मी आधी विचारे, कोण गेलं?

सकाळी एक जण गळका पंप घेऊन आला. आत अर्धं औषध तसंच. पाजी माणसं, धुवून आणा म्हणून हजारदा सांगतलं. उलटा केला तं सारं माह्या कुर्त्यावर. तितक्यात घरातून हलीमाबी ओरडली. आत जाऊन पाह्यतो तं जेबा पोट धरून दुमडलेली, ओकून राहिली, अंग तापलेलं. मी तिले हातावर उचललं. उचलताना माही नजर पडली ती दाराजवळच्या पंपावर, अन् बाजूले औषधाच्या शिशीवर. ती शिशी दोन दिवसांपासून तिथंच होती. पण माह्या डोक्यात एकच गोष्ट आली, का हिनं पेलं. मी मर म्हटलं अन् हिनं पेलं.

हलीमाबी म्हणे, "थांबा, फाइल बुधाजीकडे राह्यली, त्याची बायको शेतात गेली हाये, कुलूप हाये, चावी आणते." मी म्हटलं, "फाइलीले काय आग लावाची? चाल बुधाजी!" जीप निघाली. मी, जेबा, मागं नगमाफुप्पी. हलीमाबी रस्त्यावर उभी राह्यली.

अकोल्यातला तो दवाखाना कोणता ते सांगत नाही, त्याचा काही गुन्हा नाही. डॉक्टर जवान होता, डोळे लाल. बाजूच्या तिन्ही खाटायवर औषध घेतलेलेच होते. त्यानं जेबाजवळ नाक नेलं अन् विचारलं, "केव्हा घेतलं?" जेबा म्हणे, "मी काही नाही घेतलं." तो म्हणे, "सगळे हेच म्हणतात." मंग माह्याकडे पाह्यलं. "घरात कोणतं औषध असते?" मी नाव सांगतलं. शिशीवर लिहिलेलं, पाठ होतं मले. एका मिनिटात नाकातून नळी, पोटात पाणी, हाताले सुई.

जेबानं माहं मनगट धरलं. पाणी ओकत होती अन् मंधात मंधात बोलत होती. "अब्बा, टाका सुटला असन. ऑपरेशनचं सांगा त्यायले. मी काही नाही पेली. सांगा ना." मी ऐकलं. बहिरा नव्हतो. आता इथं दोन गोष्टी हायेत अन् दोन्ही खऱ्या हायेत. एक, फुप्पी माह्यामागं दोन हातावर उभी होती. दुसरी, मले पक्कं वाटत होतं का पोट्टीनं पेलं अन् आता भेवानं काहीबी सांगून राहिली. मी म्हटलं, "शांत राह्य, बेटा. डॉक्टरले काम करू दे." तिनं मनगट सोडून दिलं.

मंग दवाखान्यातला पोलीस आला, मोठं रजिस्टर घेऊन. औषधाची केस म्हणजे पोलीस येतेच. विचारलं, "भांडण झालं होतं का घरी?" मी म्हटलं, झालं होतं. "कायवरून?" लग्नावरून, म्हटलं. त्यानं लिहून काढलं, वाचून दाखवलं: माझी मुलगी नामे जेबा हिने लग्नाच्या कारणावरून घरगुती वादातून विषारी औषध प्राशन केले. खाली फुली मारली, इथं सही करा. मी केली. उर्दूत नाही, मराठीत केली, साफ अक्षरात, त्याले वाचता यावं म्हणून.

हलीमाबी साडेअकराले आली, बसनं. छातीशी पिशवी. ती माह्याकडे आली नाही. आधी जेबाचं तोंड पुसलं अन् वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. मंग उठून माह्या कुर्त्याचा वास घेतला. म्हणे, "तिच्या तोंडाले वास नाही. वास तुमच्या अंगाले हाये." अन् मंग वार्डातल्या साऱ्या लोकायसमोर, फुप्पीसमोर, डॉक्टरले मोठ्यानं सांगतलं: हिच्या लघवीच्या थैलीले पोटाचा तुकडा लावेल हाये, ही नळीनं लघवी करते, काल तेरा घंटे आमी तिले करू नाही दिली. ही घ्या फाइल.

डॉक्टरनं नागपूरचा कागद वाचला. दोनदा वाचला. जेबाच्या पोटावर हात ठेवला, पोट पाटासारखं टणक होतं. मंग त्यानं मले विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. त्यानं फाइल मिटली. शिवी दिली असती तं बरं झालं असतं. तिथं असं ऑपरेशन करणारा कोणी नव्हता. अमरावतीले फोन केला, ॲम्ब्युलन्स बोलावली, दोन घंट्याचा रस्ता.

अमरावतीत चार घंटे ऑपरेशन चाललं. जिथं जठराचा तुकडा थैलीले शिवला होता, तिथंच फाटलं होतं. रातभर लघवी अन् ते आंबट पाणी साऱ्या पोटात फिरत होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "जिवाचं आज सांगत नाही. सकाळी आणली असती तर गोष्ट वेगळी होती." मी बाकावर बसलो. बुधाजीनं चहा आणून दिला, तो माह्या हातात थंडा झाला. मले काही वाटत नव्हतं. भेव नाही, रडू नाही. पाय मोडून बसल्यावर सुन्न होते ना, तसं सारं अंग. नमाजले उभा राह्यलो तं दुआत काय मागाचं तेच सुचेना. नुसते हात वर करून उभा होतो.

ती वाचली. सव्वीस दिवस राह्यलो तिथं. पण अर्ध्या किडन्या होत्या त्या आता पाव हिस्साच उरल्या. पुढं केव्हा तरी रक्त धुवाची मशीन लागीन, असं लिहून देलं. नगमाफुप्पी पयले दोन दिवस तिथंच होती. डोळे दाखवाचे राह्यले तिचे. लघवीचा एक शब्द काढला नाही तिनं, जेबाचे केस विंचरून वेणी घालून दिली अन् अचलपूरच्या बसनं निघून गेली. मी हलीमाबीले म्हटलं, गेलं नातं. हलीमाबी म्हणे, "तुमाले अजून नात्याचीच पडली?" त्या सव्वीस दिवसात ती माह्याशी तेवढंच बोलली.

ईद झाल्यावर मुजम्मिलचा बाप आला, संग फुप्पी. मी दुकान बंद केलं, आत बसवलं. जेबा आतल्या खोलीत होती. तो सीधा माणूस, लाकडाची वखार हाये त्याची, घुमवून बोलत नाही. म्हणे, "अय्युबभाई, आजार लपवला, चूक केली. पण ते आमी समजू शकतो. नगमानं सारं सांगतलं. मुजम्मिल म्हणे, नळी तं नळी, बिमारी कोणाले नसते?" माह्या छातीत कायतरी हाललं, इतक्या दिवसात पयल्यांदा. अन् मंग त्यानं खिशातून पेपरचं कात्रण काढून चटईवर ठेवलं. चार ओळी होत्या. बार्शीटाकळीच्या तरुणीने लग्नाच्या वादातून विष घेतले. वडिलांच्या बयाणावरून नोंद.

"हे आमच्या साऱ्या मोहल्ल्यात फिरलं," तो म्हणे. "पोट्टीले आमचा पोरगा नकोच होता का?"

"तिनं घेतलंच नाही," मी म्हटलं. "फाइल दाखवतो तुमाले. डॉक्टरीणबाईचा कागद हाये."

"कागद मी मानतो. मंग ही सही कोणाची हाये?"

"माही."

"जोर केला होता कोणी?"

"नाही."

त्यानं कात्रणाची घडी घातली. फुप्पी ओढणीनं डोळे पुसून राहिली होती. मंग तो म्हणे, "तिचा बाप लिहून देते का हिनं विष घेतलं. उद्या माह्या घरी हिले काही झालं, तं दुनिया म्हणन मुजम्मिलच्या घरात पोट्टीनं परत घेतलं. पोलीसबी तोच कागद काढन. मी कोणाले समजावू? भाई, बिमारीले मी भेलो नाही. तुमच्या सहीले भेलो." मंगनीची अंगठी हलीमाबीनं आणून देली. चहा तसाच राह्यला. ते गेले.

मी तिथंच बसेल होतो. जेबा आतून आली, भिंतीले धरून, उभीच राह्यली. तिनं सारं ऐकलं होतं, दोन खोल्यायच्या घरात काय लपते. म्हणे, "अब्बा, एक विचारते. खरं सांगजा. तुमी सही केली ते फुप्पीच्या भेवानं का? का तुमाले खरंच वाटलं, मी पेली?"

फुप्पीच्या भेवानं, असं म्हणता आलं असतं. पोट्टीनं मले रस्ता करून देला होता, अन् मले समजत होतं का तिले तेच ऐकाचं हाये. भित्रा बाप तिनं पचवला असता. पण खोटं बोलाची ताकद राह्यली नव्हती. मी म्हटलं, "वाटलं."

तिनं मान हलवली. रडली नाही. म्हणे, "त्या डॉक्टरनं मले पयल्यांदाच पाह्यलं होतं. पोलिसानंबी पयल्यांदाच. तुमी तं मले एकोणीस वर्सांपासून पाहून राहिले होते, अब्बा."

मी वर पाह्यलं नाही. ती आत गेली अन् तिनं कडी लावली.